तारीख कोणाच्या हातात राहणार? श्रीलंकेच्या संसद सदस्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सभापती आणि सर्व सदस्य,
श्रीलंकेची संसद, श्री जयवर्धनपुर कोट्टे.

विषय: राष्ट्राध्यक्षपदाची पुढील निवडणूक आणि तिच्याआधी करावयाच्या दुरुस्त्या.

महोदय आणि महोदया,

विद्यमान राष्ट्राध्यक्षांनी मुदतीआधीच कौल मागितला नाही, तर आपल्या देशातील राष्ट्राध्यक्षपदाची पुढची निवडणूक 2029 च्या जुलै-ऑगस्टच्या सुमारास होईल. ती अजून दूर आहे, तिचे उमेदवार ठरलेले नाहीत आणि तिच्या निकालाचा अंदाज बांधण्याची कोणाला घाई नाही, म्हणूनच हे पत्र आता लिहीत आहे. निवडणूक तोंडावर आली की तिच्या नियमांत सुचवलेली प्रत्येक दुरुस्ती कोणाच्या तरी सोयीची दिसू लागते, आणि बहुतेक वेळा ती तशी असतेही.

मी महाराष्ट्रातील एक निवृत्त शिक्षक आहे. आमच्याकडे निवडणुकीचे काम शिक्षकांच्या गळ्यात पडते, त्यामुळे नोकरीच्या काळात मतदान केंद्राध्यक्ष म्हणून बरीच वर्षे राबलो. त्या कामाने एक खोड लावली. निवडणुकीची बातमी कुठलीही असो, कोण जिंकले याच्याआधी मतदार यादी कोणी केली, मतपत्रिका कोणी छापली आणि पैसा कोणी सोडला, याकडे माझे लक्ष जाते. मी आपला नागरिक नाही. भारतातून येणाऱ्या सल्ल्याकडे आपल्या देशात संशयाने पाहिले जाते आणि 1987 मध्ये भारताने तेथे शांतिसेना पाठवल्यानंतरचा इतिहास पाहता ते रास्तही आहे. त्यामुळे हे पत्र कोणत्याही सरकारच्या किंवा पक्षाच्या वतीने नाही, हे आधीच सांगतो. ते मराठीत लिहिले आहे, कारण आपल्याइतकेच ते माझ्या लोकांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. 2022 च्या जनउठावानंतर आपल्या जनतेला न्याय्य निवडणुकीसाठी जो झगडा करावा लागला, तो मुख्यतः तारखेसाठी होता. 21 सप्टेंबर 2024 रोजीचे मतदान शांततेत आणि चोख पार पडले, हे साऱ्या जगाने पाहिले. पण ते मतदान त्या दिवशी, किंबहुना त्या वर्षी, होईल की नाही याविषयीची शंका आदली दोन वर्षे आपल्या मतदाराच्या मनातून गेली नव्हती. ही शंका ज्या फटींतून आत शिरली, त्यातील काही फटी अजून बुजवलेल्या नाहीत, आणि त्या बुजवण्याइतके संख्याबळ आज आपल्या सभागृहात आहे.

उठावाची हकीकत आपल्याला सांगण्याची गरज नाही, परंतु मराठी वाचकासाठी ती दोन-चार वाक्यांत मांडतो. 2021 मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी आली आणि शेती आडवी झाली. परकीय गंगाजळी आटली आणि 12 एप्रिल 2022 रोजी परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे सरकारने जाहीर केले. त्याच्या आदल्याच महिन्यात कोलंबोसह पश्चिम प्रांतातील शाळांच्या सत्र परीक्षा, छापायला कागद नाही म्हणून, पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. शिक्षक म्हणून ही बातमी वाचताना मी थबकलो होतो. पेट्रोल, गॅस आणि दुधाच्या भुकटीसाठी रांगा लागल्या, 9 एप्रिलपासून गॉल फेसच्या समुद्राकाठच्या मैदानावर 'गोटागोगामा' नावाचे आंदोलकांचे गाव वसले, आणि 'अरगलय' (संघर्ष) हा सिंहली शब्द जगभरच्या वृत्तपत्रांत झळकला. 9 मे रोजी सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी आंदोलकांवर हल्ला चढवला, त्याचा देशभर भडका उडाला आणि पंतप्रधान महिंदा राजपक्षे यांना पायउतार व्हावे लागले. 9 जुलै रोजी लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले, 13 जुलैच्या पहाटे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे मालदीवला निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी सिंगापूरहून त्यांचा राजीनामा आला.

इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. मला ज्याविषयी बोलायचे आहे ते यापुढे सुरू होते.

राज्यघटनेच्या 40 व्या अनुच्छेदानुसार, राष्ट्राध्यक्षपद मुदतीपूर्वी रिकामे झाले की उरलेल्या काळासाठी नवा राष्ट्राध्यक्ष संसद निवडते. त्याप्रमाणे 20 जुलै 2022 रोजी आपल्याच सभागृहात मतदान झाले. रानिल विक्रमसिंघे यांना 134 मते पडली, डलस अलहप्पेरुमा यांना 82 आणि अनुरा कुमारा दिसानायके यांना 3. विक्रमसिंघे यांच्या पक्षाला 2020 च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारसंघांतून एकही जागा मिळाली नव्हती, ते स्वतः पराभूत झाले होते आणि राष्ट्रीय यादीतील (पक्षाला देशभरातील मतांच्या प्रमाणात मिळणाऱ्या) एकुलत्या एका जागेवरून 2021 मध्ये संसदेत आले होते. त्यांच्या पाठीशी उभी राहिलेली मते मुख्यतः त्याच पक्षाची होती, ज्याच्या राष्ट्राध्यक्षाला लोकांनी आठवड्यापूर्वी देश सोडायला लावले होते. हे सगळे कायदेशीर होते, यात वाद नाही. रस्त्यावर लाखोंनी उतरलेल्या लोकांनी हा कायदेशीर मार्ग मोडून काढला नाही, याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले जात नाही असे मला वाटते. पण कायदेशीर असणे आणि लोकमान्य असणे यांतले अंतर किती, हे ज्याला मोजायचे असेल त्याने एवढेच पाहावे की ज्या उमेदवाराला संसदेत 3 मते मिळाली, त्यालाच दोन वर्षांनी देशातील 56 लाखांहून अधिक मतदारांनी पहिली पसंती दिली. ती संसद 2020 ची होती आणि देश 2022 चा होता.

नव्या राष्ट्राध्यक्षांच्या निवडीनंतर दोनच दिवसांनी, 22 जुलैच्या पहाटे, गॉल फेसवरील तंबू सुरक्षा दलांनी उठवले. आंदोलन मैदानावरून हटले आणि मतपेटीची वाट पाहत बसले. पहिली संधी होती 9 मार्च 2023 ची, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीची. तिच्यासाठी 80 हजारांहून अधिक उमेदवारांचे अर्ज आले होते. ती निवडणूक झाली नाही, आणि कशी झाली नाही हे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण ती कोणीही रद्द केली नाही. कोषागाराने पैसे दिले नाहीत. पैसे नाहीत म्हणून सरकारी मुद्रणालयाने मतपत्रिका छापून दिल्या नाहीत. मतपत्रिका नाहीत म्हणून टपाली मतदान लांबले, आणि टपाली मतदान लांबले म्हणून आयोगाने मुख्य मतदान आधी एप्रिलवर आणि मग बेमुदत पुढे ढकलले. प्रत्येक खात्याने पुढच्या खात्याकडे बोट दाखवले आणि कोणाच्याही सहीविना लाखो लोकांचा मताधिकार खुंटीवर टांगला गेला. सरकारी नोकरीत असलेले जे उमेदवार होते, त्यांची तर ना घर का ना घाट का अशी गत झाली. निवडणूक होत नाही म्हणून ते उमेदवारही उरले नाहीत आणि अर्ज भरलेला म्हणून कामावरही परतू शकले नाहीत. फेब्रुवारीच्या अखेरीस कोलंबोत निवडणुकीच्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चावर अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे सोडण्यात आले, आणि त्या मोर्चात सहभागी झालेल्या एका उमेदवाराचा मृत्यू झाला.

3 मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अर्थसंकल्पात मंजूर झालेला निवडणुकीचा निधी अडवू नये असा अंतरिम आदेश दिला. तरीही निवडणूक झाली नाही. उलट आदेश देणाऱ्या न्यायमूर्तींवर संसदेच्या विशेषाधिकाराचा प्रश्न उपस्थित करण्याची भाषा सत्ताधारी बाकांवरून झाली. अखेर 22 ऑगस्ट 2024 रोजी त्याच न्यायालयाने निकाल दिला की ही निवडणूक न घेतल्याने नागरिकांच्या मूलभूत अधिकारांचा भंग झाला आहे, आणि त्या भंगाची जबाबदारी अर्थमंत्री या नात्याने राष्ट्राध्यक्षांवर तसेच निवडणूक आयोगावरही ठेवली. निकाल आला तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचे मतदान महिन्यावर आले होते. आयोगाला दोषी धरले गेले याचे अनेकांना आश्चर्य वाटले, मला वाटले नाही. निवडणुकीच्या कामात माझा अनुभव असा की यंत्रणा कमजोर पडते ती दडपणाला उघडपणे शरण जाऊन नव्हे, तर 'वरून पत्र आलेले नाही' असे म्हणत बसून राहिल्याने.

स्थानिक निवडणूक टाळण्याचा हा प्रयोग यशस्वी झाल्यावर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीविषयी शंका उत्पन्न होणे अगदी साहजिक होते. मे 2024 मध्ये विक्रमसिंघे यांच्या पक्षाच्या सरचिटणीसांनी राष्ट्राध्यक्षपदाची आणि संसदेची अशा दोन्ही निवडणुका सार्वमत घेऊन दोन वर्षे लांबवाव्यात, अशी सूचना उघडपणे मांडली. जुलैमध्ये एका उद्योजकाने सर्वोच्च न्यायालयात अर्ज करून राष्ट्राध्यक्षांचा कार्यकाल पाच वर्षांचा की सहा, याचा खुलासा होईपर्यंत निवडणूक थांबवावी अशी मागणी केली. न्यायालयाने ती खर्चासह फेटाळली. आठवडाभरात त्याच दिशेने दुसरा अर्ज आला, तो आणखी मोठ्या खर्चासह फेटाळला गेला. मग सरकारनेच घटनादुरुस्तीचे एक विधेयक राजपत्रात प्रसिद्ध केले, आणि येथे मी थोडा थांबतो, कारण पाणी मुरत होते ते येथे.

2015 च्या एकोणिसाव्या दुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांचा कार्यकाल सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणला. तो 30 व्या अनुच्छेदात बदलला गेला. परंतु कार्यकाल वाढवायचा झाल्यास सार्वमत केव्हा लागेल हे सांगणाऱ्या 83 व्या अनुच्छेदात 'सहा वर्षे' हे शब्द तसेच राहिले. म्हणजे पाचाचे सहा करायचे झाले तर केवळ दोनतृतीयांश बहुमत पुरेल आणि जनतेला विचारावे लागणार नाही, असा अर्थ ओढूनताणून काढायला जागा राहिली. ही चूक दुरुस्त व्हायला हवी, यात शंका नाही. मात्र ती दुरुस्त करणारे विधेयक मतदान दोन महिन्यांवर आलेले असताना का आणले गेले, हा प्रश्न आपल्याकडील विरोधकांनी विचारला तो योग्यच होता. कारण 83 व्या अनुच्छेदात फेरफार करायचा तर त्यासाठीच सार्वमत घ्यावे लागते, आणि निवडणुकीच्या ऐन हंगामात सार्वमताचा घाट घातला गेला तर निवडणुकीचे काय होईल याची चिंता लोकांना वाटणे स्वाभाविक होते. 17 जुलैला आयोगाच्या हाती तारीख ठरवण्याचा अधिकार आला आणि 26 जुलैला आयोगाने 21 सप्टेंबर ही तारीख जाहीर केली, तेव्हा कुठे त्या चर्चेला लगाम बसला.

श्रीलंकेतील मतदार उगाच संशयी आहे असे कोणी म्हणू नये. राष्ट्राध्यक्षपदाची पहिली थेट निवडणूक ऑक्टोबर 1982 मध्ये झाली, त्यापूर्वीच प्रमुख प्रतिस्पर्धी सिरिमावो बंदरनायके यांचे नागरी हक्क काढून घेण्यात आले होते, त्यामुळे त्यांना उभेच राहता आले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी सार्वमत घेतले आणि सार्वत्रिक निवडणूक टाळून जुन्याच संसदेचे आयुष्य सहा वर्षांनी वाढवले. 1988 ची निवडणूक बंदुकीच्या धाकाखाली झाली. तेव्हा मतदारांना केंद्रावर जाऊ नका म्हणून धमकावणाऱ्यांत जनता विमुक्ती पेरमुना (जेव्हीपी) हा जो पक्ष होता त्याचाच नेता, अनुरा कुमारा दिसानायके, आज राष्ट्राध्यक्षपदी आहे, ही गोष्ट त्या पक्षाच्या आजच्या सदस्यांना अप्रिय वाटली तरी तिचा उल्लेख टाळता येत नाही. 2005 मध्ये उत्तरेतील तमिळ मतदारांवर तमिळ वाघांनी बहिष्कार लादला, जाफना जिल्ह्यात शंभरातल्या एखाद्-दुसऱ्यानेच मत दिले आणि देशाचा निकाल दोन लाखांहून कमी मतांच्या फरकाने लागला. 2010 मध्ये पराभूत उमेदवार सरथ फोन्सेका यांना निकालानंतर पंधरवड्याच्या आत अटक झाली. या सगळ्या आठवणी घेऊन 2024 चा मतदार रांगेत उभा होता.

आता त्या मतदानाविषयी. एकूण 1 कोटी 71 लाख नोंदलेल्या मतदारांपैकी जवळपास ऐंशी टक्के लोकांनी मत दिले. त्या दिवशी देशाला काम पाहणारा पोलीस महानिरीक्षक नव्हता, कारण जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने त्यांना काम करण्यास मनाई केली होती आणि त्यांच्या जागी कोणाला नेमावे यावर सरकार अडून बसले होते. तरीही कोठे दंगल झाली नाही. रात्री संचारबंदी लागली, मोजणी चालू राहिली आणि तुमच्या इतिहासात प्रथमच पहिल्या मोजणीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत. दिसानायके यांना 42.31 टक्के, सजित प्रेमदासा यांना 32.76 टक्के आणि विक्रमसिंघे यांना 17.27 टक्के मते होती. मग पसंतीक्रमाची मोजणी करण्यात आली, म्हणजे पहिले दोघे सोडून बाकीच्यांना पडलेल्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती या दोघांच्या मतांत मिळवल्या गेल्या.

हा भाग माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण महाराष्ट्र विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत आम्हीही असेच मत देतो. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच 1, 2, 3 असे आकडे लिहायचे असतात. तेथे मतदार शिकलेले असतात, कित्येक जण स्वतः गणित शिकवतात, आणि तरीही दर वेळी मोजणीच्या टेबलावर अवैध मतांचा ढीग साचतो. कोणी दोघांपुढे 1 लिहितो, कोणी टिकमार्क करतो, तर कोणी स्वतःची सही ठोकून मोकळा होतो. त्यामुळे श्रीलंकेतील दुसऱ्या मोजणीचे आकडे आले तेव्हा मी ते कागदावर मांडून पाहिले. दिसानायके यांची मते 56,34,915 वरून 57,40,179 झाली आणि प्रेमदासा यांची 43,63,035 वरून 45,30,902. म्हणजे पहिल्या दोघांखेरीज इतरांना पडलेल्या सुमारे 33 लाख मतपत्रिकांमधून फक्त 2 लाख 73 हजार मते या दोघांच्या पदरी आली. शंभरातल्या आठांच्या आसपास. बाकीच्यांनी एक तर दुसरी पसंती लिहिलीच नाही किंवा ती बाद झालेल्या उमेदवाराला दिली. परिणामी विजेत्याची मते शेवटी वैध मतांच्या निम्म्यापेक्षा कमीच राहिली. आपला कायदा एकाच उमेदवारापुढे फुलीची खूण केलेले मतही ग्राह्य धरतो, आणि चाळीस वर्षे दुसरी मोजणी करण्याची वेळच न आल्याने फुलीचीच सवय झाली. विजेता कोण यात याने फरक पडला नाही, पण 2029 मध्ये पहिल्या दोघांत दोन-तीन टक्क्यांचेच अंतर राहिले तर पडेल. तेव्हा मतदाराला तीन आकडे लिहायला शिकवण्याचे काम मतदानाच्या आधी पंधरा दिवस नव्हे, शाळाशाळांतून आणि गावोगावच्या नमुना मतपत्रिकांवरून आतापासून सुरू करावे लागेल, आणि त्यासाठी आयोगाकडे दर वर्षी वेगळी तरतूद असावी लागेल.

मतपत्रिकेविषयी बोलतच आहे तर आणखी दोन गोष्टी. 2024 मध्ये 39 उमेदवारांची नावे छापली गेली, त्यांतील एकाचे निधन झाले म्हणून प्रत्यक्षात 38 उरले, आणि त्यांत एकही स्त्री नव्हती; जगातील पहिली महिला पंतप्रधान देणाऱ्या देशात हे शोभत नाही. अनामत रक्कम मात्र 1981 च्या कायद्याइतकीच, पक्षाच्या उमेदवाराला 50 हजार आणि अपक्षाला 75 हजार रुपये, त्यामुळे डमी उमेदवार उभे करणे फार स्वस्त पडते. दुसरीकडे 2023 च्या खर्चनियंत्रण कायद्यानुसार उमेदवाराला दर मतदारामागे 109 रुपयांची मर्यादा ठरवण्यात आली. तिचा गुणाकार केला तर मर्यादा दीडशे कोटींच्या पलीकडे जाते, आणि हिला मर्यादा म्हणणे कठीण आहे.

उठावानंतरच्या निवडणुका कशा नासतात हे पाहायचे असेल तर इजिप्तकडे पाहावे. तहरीर चौकाने 2011 मध्ये मुबारक यांना घालवले, परंतु निवडणुकीच्या साऱ्या दोऱ्या लष्करी परिषदेच्या हाती राहिल्या. निवडणूक आयोगाच्या निर्णयांवर अपील करता येणार नाही, अशी तरतूद आधीच करून ठेवलेली होती. जून 2012 मध्ये दुसऱ्या फेरीच्या दोन दिवस आधी तेथील घटनात्मक न्यायालयाच्या निकालाने नवनिर्वाचित संसद गेली, आणि मतदान संपत असतानाच लष्कराने येणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचे अधिकार कापून टाकणारा जाहीरनामा काढला. मतदान खरेखुरे झाले, चुरशीचे झाले आणि तरी वर्षभरात सारे उलटले. आपल्याकडे न्यायालयाने निवडणुकीची बाजू धरली आणि सैन्य बराकीत राहिले, म्हणून आपण वाचलात. परंतु न्यायमूर्ती दर वेळी असेच भेटतील, यावर देशाने विसंबून राहू नये.

म्हणून माझ्या विनंत्या आपल्याकडे आहेत, निवडणूक आयोगाकडे नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये सत्ताधारी आघाडीला 225 पैकी 159 जागा मिळाल्या, म्हणजे दोनतृतीयांशाहून अधिक. चंद्रिका कुमारतुंगा यांनी 1994 मध्ये कार्यकारी राष्ट्राध्यक्षपद रद्द करण्याचे वचन दिले होते, मैत्रीपाल सिरिसेना यांनी 2015 मध्ये दिले आणि आपणही ते दिले आहे. ते पद ठेवायचे की काढायचे, यावर परक्या माणसाने मत देऊ नये. परंतु ते जोवर आहे, तोवर त्याची निवडणूक कोणाच्या मर्जीवर राहू नये, एवढे तरी आपण करू शकता.

त्यासाठी सर्वांत आधी पैशाचा प्रश्न सोडवावा लागेल. आयोगाच्या कामात सहकार्य न करणे हा सरकारी अधिकाऱ्यासाठी गुन्हा आहे असे आपल्या घटनेत लिहिलेले असूनही 2023 मध्ये कोणाचे काही बिघडले नाही, याचा अर्थ शिक्षेच्या कलमाने काम भागत नाही. निवडणुकीचा खर्च संसदेच्या वार्षिक मंजुरीवर आणि अर्थमंत्र्यांच्या मर्जीवर न ठेवता थेट एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, भारित करावा, म्हणजे तारीख जाहीर होताच रक्कम आयोगाच्या खात्यावर जमा होईल आणि मुद्रणालयाला कोषागाराच्या पत्राची वाट पाहावी लागणार नाही. जो स्वतः निवडणूक लढवणार आहे तोच अर्थमंत्री असेल, तर याची गरज दुप्पट आहे, आणि आपल्याकडे राष्ट्राध्यक्ष अर्थखाते स्वतःकडेच ठेवतात अशी प्रथा पडत चालली आहे.

दुसरी बाब 40 व्या अनुच्छेदाची. 1993 मध्ये राष्ट्राध्यक्ष रणसिंघे प्रेमदासा (सजित यांचे वडील) यांची हत्या झाली तेव्हा त्यानुसार झालेली निवड कोणालाही खटकली नाही, कारण ती एकमताने झाली होती. 2022 मध्ये मात्र दोन वर्षांहून अधिक काळ शिल्लक होता आणि ज्या संसदेने निवड केली तिच्यावरचाच विश्वास उडालेला होता. उरलेली मुदत एका वर्षाहून अधिक असेल तर काही ठरावीक महिन्यांत जनतेचे मतदान घ्यावे, आणि तोवर काम पाहणाऱ्या हंगामी राष्ट्राध्यक्षाने त्या निवडणुकीत उभे राहू नये, अशी तरतूद करता येईल. आर्थिक संकटात निवडणूक परवडणार नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे. 2022 च्या जुलैमध्ये तो खराही होता, कारण मतदान साहित्याची गाडी हलवायला डिझेल नव्हते. 2023 च्या मार्चमध्ये तो तितका खरा राहिला नव्हता.

83 व्या अनुच्छेदातील 'सहा' चे 'पाच' करणे हे सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत जास्त काळ लांबणीवर पडणारे काम आहे. त्यासाठी सार्वमत लागते आणि केवळ एका शब्दासाठी देशभर मतदान घेणे कोणालाही खर्चिकच वाटेल. पण आपल्याकडे प्रांतिक परिषदांच्या निवडणुकांचे घोंगडे कित्येक वर्षे भिजत पडले आहे. अखेरची प्रांतिक निवडणूक 2014 मध्ये उवा प्रांतात झाली, आणि त्यानंतर एकेका परिषदेची मुदत संपत जाऊन सर्वच प्रांतांचा कारभार राज्यपालांकडे गेला. उत्तर आणि पूर्वेकडील तमिळ व मुस्लिम मतदारांना हा विलंब दक्षिणेपेक्षा अधिक झोंबतो, आणि 2024 मध्ये तमिळ पक्षांच्या सामायिक उमेदवाराला पडलेली सव्वादोन लाखांवर मते हेच सांगतात. 18 मे 2022 रोजी गॉल फेसवर मुल्लिवैक्कालच्या मृतांचे, म्हणजे 2009 मध्ये यादवी युद्धाच्या अखेरीस तेथे मारल्या गेलेल्या तमिळांचे, स्मरण करण्यात आले होते, त्या मैदानाचा वारसा सांगणाऱ्यांना ही निवडणूक टाळता येणार नाही. प्रांतिक परिषदांचे मतदान आणि हे सार्वमत एकाच दिवशी घ्यावे. तेच कर्मचारी, तीच केंद्रे, तीच शाई. मतपत्रिका तेवढी एक जास्त.

परदेशात राबणाऱ्या आपल्या लाखो कामगारांना, ज्यांनी पाठवलेल्या डॉलरांवर देश त्या दिवसांत तगला, मत देण्याची सोय अजून नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो. ते काम अवघड आहे आणि त्यासाठी वेगळे पत्र लागेल.

हे सारे लिहिताना मला माझ्या अंगणातील केर दिसत नाही असे समजू नये. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तिची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेचा गाडा एकाही नगरसेवकाविना प्रशासकाने हाकला. आमच्याकडे कारण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे होते, आपल्याकडे तिजोरीचे. योगायोग असा की 6 मे 2025 रोजी, ज्या दिवशी आपल्या देशात रखडलेल्या स्थानिक निवडणुकांचे मतदान एकदाचे झाले, त्याच दिवशी आमच्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील रखडलेल्या निवडणुका चार महिन्यांत घ्या असा आदेश दिला. आम्ही ती मुदतही पाळली नाही. आमच्याकडे या विलंबाविरुद्ध कोणी मैदानावर तंबू ठोकले नाहीत. आपल्या लोकांनी मोर्चे काढले आणि न्यायालयाची पायरी चढली. त्यामुळे आपल्याला शिकवण्याचा अधिकार मला नाही. जे आपल्या नागरिकांनी लढून मिळवले ते कायद्यात बांधून घ्या, एवढीच मागणी मी करू शकतो.

नव्या राज्यघटनेचा मसुदा होईल तेव्हा हे सर्व त्यात येईलच, असे उत्तर मला मिळू शकते. संपूर्ण घटना नव्याने लिहिण्याचे आश्वासन आपल्याकडे किती वेळा दिले गेले आणि दर वेळी ते कोठे अडले, हे आपण माझ्याहून चांगले जाणता. निवडणूक खर्च एकत्रित निधीवर भारित करणे, 40 व्या अनुच्छेदातील बदल आणि 83 व्या अनुच्छेदातील एका शब्दाची दुरुस्ती, एवढ्यासाठी चार पानांचे विधेयक पुरेल. ते 2027 संपण्यापूर्वी सभागृहापुढे यावे, विरोधी बाकांच्या सूचना घेऊन यावे आणि त्याच्या पहिल्या वाचनाचा दिवस आपण आताच जाहीर करावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक व माजी मतदान केंद्राध्यक्ष,
सातारा, महाराष्ट्र